यजमानानं बसायचं नसतं

नॉर्डल गावात पाहुण्यांचं उरकल्याशिवाय यजमान बसत नाही, आणि पाहुण्यांचं कधी उरकतच नाही. जेवणानंतर कॉफी असते, कॉफीनंतर गोड वड्या, वड्यांनंतर "एवढी एक तरी घ्या", आणि मग दारात उभं राहून तासभर निरोप. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात लग्न असो, मयत असो की चर्चमधलं साधं सूप, घरची बाई आपली उभी. मार्लिस टॉलेफसन साठीला आली तोवर तिला कुणी गरम जेवण जेवताना पाहिलं नव्हतं. अशा बाईच्या हाती गावानं अख्ख्या देशाची स्पर्धा सोपवली होती, आणि त्यात गावाचं काही चुकलं नव्हतं.

स्पर्धा होती कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलची, पण तिसऱ्या श्रेणीची. पहिल्या श्रेणीतल्या मुली टीव्हीवर दिसतात, त्यांच्या नावाचे बूट विकले जातात. तिसऱ्या श्रेणीतली मुलगी रसायनशास्त्राचा पेपर देऊन धावत बसमध्ये चढते आणि बसमध्ये पुढच्या पेपरचा अभ्यास करते. तिला खेळण्याबद्दल काही मिळत नाही. खेळावंसं वाटतं म्हणून ती खेळते, आणि म्हणूनच बहुधा तिच्याकडे कुणी बघत नाही. त्यांचा देशातला शेवटचा, सगळ्यात मोठा सामनाही पूर्वी कुठल्याशा आडगावी, रिकाम्या खुर्च्यांसमोर व्हायचा.

नॉर्डलनं ते बदलून दाखवलं. युक्ती साधी होती. शेवटचे चार संघ यायचे मेनहून, ओरेगॉनहून, कुठून कुठून. त्यांच्यामागे एवढ्या लांब येणार ते चार आईबाप. मग गावानं ठरवलं, आपणच त्यांचे लोक व्हायचं. पिंपात चिठ्ठ्या टाकायच्या. लुथरन चर्चला एक संघ, कॅथलिकांना एक, अग्निशमनवाल्यांना एक, शाळेला एक. वाट्याला येईल त्या संघाच्या रंगाचे कपडे घालायचे, त्यांच्या कॉलेजचं गाणं पाठ करायचं आणि पोरींची नावं घेऊन ओरडायचं. पहिल्या वर्षी ओरडणं काही केल्या जमेना. माणसं इतकी सभ्य, की समोरच्या संघानं बास्केट केली तरी टाळ्या वाजवायची, वर मागच्याला वळून विचारायची, "आमचा त्रास नाही ना होत?" पण हळूहळू गळे सुटले. बावीसशे खुर्च्या भरायला लागल्या, वर्तमानपत्रवाले आले, एक टीव्हीवालाही आला. त्या मुलींमध्ये "यंदा नॉर्डलला जायचंच" अशी भाषा सुरू झाली.

मार्लिसनं हे सगळं अंगावर का घेतलं ते गावाला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच गाव त्याबद्दल बोलत नसे. तिची एकुलती मुलगी ब्रिटा ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजकडून खेळायची. एका वर्षी तिचा संघ अंतिम सामन्याला पोचला. सामना दूर, व्हर्जिनियात. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते, त्या आठवड्यातलं चर्चचं सूप मार्लिसकडे होतं, आणि तिचा नवरा ड्वेन, जो गावातले नळ दुरुस्त करायचा, त्याला रस्त्यावरच्या बर्फाची धास्ती वाटली. दोघंही गेले नाहीत. ब्रिटानं रात्री फोन केला. "आई, शंभर माणसंसुद्धा नव्हती गं. बॉल आपटला की नुसता घुमायचा. हरलो." हसत हसत सांगत होती. मे महिन्यात, परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, वसतिगृहातल्या पलंगावर झोपेतच तिच्या मेंदूतली एक नस फुटली. एकवीस वर्षांची होती.

त्यानंतर दोन वर्षांनी मार्लिसनं खटपट करून स्पर्धा नॉर्डलला आणली. इथवर गावाला माहीत होतं. पुढचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

पहिल्याच वर्षी, पहिल्याच दुपारी, खेळाडूंसाठी टॉवेलांची टोपली घेऊन ती हॉलमधून चालली होती. पूर्वेच्या स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत, अगदी वाटेच्या कडेला, ब्रिटा बसली होती. ओले केस मागे घट्ट बांधलेले, डाव्या घोट्याला पांढरी पट्टी, कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे वाकलेली, आत्ताच खेळून आल्यासारखी. अशा वेळी हातातलं खाली पडतं म्हणतात. मार्लिसच्या हातून काही पडलं नाही. तिनं टॉवेल नेऊन दिले, आणखी लागतील का ते विचारलं, मग बायकांच्या न्हाणीघरात जाऊन सगळे नळ सोडले आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली. परत आली तेव्हा पोरगी तिथेच होती.

तेव्हापासून दर मार्चमध्ये ती यायची. स्पर्धा असली तरच. मार्लिसनं हॉलच्या किल्लीनं किती वेळा खात्री करून घेतली होती. गावच्या कॉलेजच्या साध्या सामन्यांना जाऊन, उन्हाळ्यात रिकाम्या हॉलमध्ये थांबून, ब्रिटाच्या वाढदिवसाला केक घेऊन. काही नाही. पॉलिश केलेली लाकडी जमीन आणि मिटलेल्या खुर्च्या. पण ते चार संघ आले, की तीही आलेली असायची.

त्या खुर्चीवर कुणी टिकत नसे. माणूस बसायचा, खांदे चोळायचा, "कुठून तरी झोत येतोय बुवा" म्हणायचा आणि पलीकडे सरकायचा. एकदा तर अग्निशमनवाल्यांनी शिडी लावून भिंतीतली फट शोधली. सापडली नाही, तरी बुजवून आले.

मार्लिसला एकच गोष्ट खात असे. ब्रिटा खेळ बघायची नाही. दोन हजार माणसं खुर्च्यांवर उभी राहून किंचाळत असली तरी तिची मान वळलेलीच, नजर हॉलच्या मोठ्या दारावर. मार्लिसनं मनाशी अर्थ लावून टाकला होता, की पोरीला इथून जायचंय. म्हणून ती कधी जवळ गेली नाही. आपण गेलो आणि ती उठून चालायला लागली तर काय घ्या! लांबून दिसतेय तेवढं पुष्कळ. वर्षातले तीन दिवस टॉवेल, कॉफी, तुंबलेले नळ, हरवलेले बूट यांतून जाता-येता तिसऱ्या रांगेकडे बघायचं, आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायचं.

आणि यंदा तेच जाणार होतं.

कॉलेजांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेनं रेनाटा प्रुइट नावाच्या बाईंना पाठवलं होतं. टेक्सासच्या, लाल बुटांच्या, कुजबुजल्या तरी तीन खोल्यांत ऐकू जाणाऱ्या. पुढच्या वर्षीपासून तिसऱ्या श्रेणीचा अंतिम सामनाही मोठ्या शहरात, पहिल्या श्रेणीचा होतो त्याच हॉलमध्ये घ्यावा असा विचार चालू होता. प्रुइटबाई तीन दिवस बघून ठरवणार होत्या. गावाला वाटत होतं आपली शान जाईल. मार्लिसला आपली मुलगी जाईल असं वाटत होतं, आणि हे ती कुठल्या तोंडानं सांगणार?

शनिवारी सकाळी प्रुइटबाईंनी तिला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं.

"खरं सांगू? असलं गाव मी जन्मात पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "काल एका म्हाताऱ्यानं माझी गाडी धुऊन टाकली. मी सांगितलंही नव्हतं."

"ऑर्विल असेल. त्याला घाण गाडी बघवत नाही."

"पण मार्लिस, तिकडे या पोरी मोठ्या पोरींच्या शेजारी खेळतील. सगळा देश बघेल. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"बारा हजार खुर्च्यांत दोन हजार माणसं म्हणजे पातेल्याच्या बुडाला चिकटलेली खीर," मार्लिस म्हणाली. हे वाक्य तिनं घरी तयार करून ठेवलं होतं. "इथे त्यांना उभं राहायला जागा नाही."

"तेही खरंच. म्हणून तर ठरत नाहीये माझं." प्रुइटबाईंनी वडी उचलली. "बरं, संध्याकाळी स्पर्धेतल्या पाच उत्तम खेळाडूंची नावं सांगायचीत. एक मत यजमानांचं. कोण आवडली तुम्हाला?"

"सगळ्याच गुणी आहेत."

"ते झालंच हो. पण खेळात? मेनची ती उंच मुलगी, की ओरेगॉनची डावखुरी?"

मार्लिसला माहीत होतं, की उंच मुलीची आजी दवाखान्यात आहे आणि डावखुरीला शेंगदाणे चालत नाहीत. कुणाला कुठली उशी लागते तेही माहीत होतं. खेळतात कशा, ते मात्र माहीत नव्हतं. ती टेबलावरचे कप सारखे करू लागली.

"तुम्ही सामना बघितलेलाच नाही," प्रुइटबाई म्हणाल्या.

"कामं असतात ना."

"नऊ वर्षांत एकही नाही?"

"यजमानानं बसायचं नसतं, बाई. आमच्याकडे तशी रीत आहे."

प्रुइटबाई मोठ्यानं हसल्या. "कमाल आहे! आमच्याकडे यजमान बसला नाही, तर पाहुण्याला वाटतं, आपण कधी एकदा जातोय असं झालंय याला."

बोलून त्या निघूनही गेल्या. मार्लिस हातात कप धरून तिथेच राहिली.

दुपारी सामना सुरू झाला. लुथरनांना मेनचा संघ आला होता, कॅथलिकांना ओरेगॉनचा. अर्धा हॉल निळा, अर्धा हिरवा. हॉलच्या टोकाला जेवणाच्या खिडकीत ड्वेन एप्रन बांधून उभा होता आणि खाली मान घालून हॉटडिश वाढत होता. बटाटा, खिमा आणि मशरूमच्या सुपाचा तो गोळा तिकडे सणासारखा खातात. मार्लिस नेहमीप्रमाणे आतबाहेर करत होती. तिसऱ्या रांगेत ब्रिटा होती आणि दाराकडे बघत होती.

पण सकाळचं ते वाक्य मार्लिसच्या डोक्यातून जाईना. ती बाजूच्या लहान दारानं बाहेर गेली आणि काचेतून बघत राहिली. ब्रिटाची नजर मोठ्या दारावरून हलली नाही. मग मार्लिस वळसा घालून गेली आणि टोपली घेऊन त्या मोठ्या दारातून आत आली.

ब्रिटानं तिच्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून, आणि तिचा चेहरा उजळला. शाळा सुटल्यावर फाटकापाशी आई दिसली की उजळायचा तसा. मार्लिसचे पाय सवयीनं खेळाडूंच्या बाकाकडे वळले, दोन पावलं पडली असतील नसतील, तो चेहरा पुन्हा विझला आणि नजर पुन्हा दाराला जाऊन चिकटली.

पोरीला जायचं नव्हतं. ती वाट बघत होती. नऊ वर्षं दर खेपेला आई दारातून आत आली होती, आणि दर खेपेला टोपली घेऊन पुढे निघून गेली होती.

मार्लिसच्या काळजात असं काही तुटलं, की तिला वाटलं इथेच कोसळणार. कोसळली नाही. टोपली भिंतीशी ठेवली आणि पूर्वेच्या स्टँडच्या पायऱ्या चढायला लागली. आता ती उठून गेली तर जाऊ दे. बसवून ठेवण्याचा आपल्याला काय हक्क आहे, असं ती स्वतःशी म्हणत होती.

ब्रिटाच्या शेजारची एक खुर्ची सोडून पलीकडे म्हातारा ऑर्विल नूट्सन बसला होता, गळ्यात निळा मफलर गुंडाळून. मार्लिस ब्रिटाच्या गुडघ्यांपुढून अंग चोरून आत गेली आणि दोघांच्या मध्ये बसली.

"पोरी, बरं नाही का वाटत?" ऑर्विल घाबरून म्हणाला. "पाणी आणू?"

"बरी आहे मी. बसलेय."

"बसलीस?" त्यानं मागच्या रांगेकडे वळून सांगितलं, "मार्लिस बसलीय." आणि ते वाक्य रांगेरांगेनं वर वर गेलं. माणसं खेळ सोडून बघायला लागली. कुणीतरी डॉक्टरांनाही शोधत होतं म्हणतात.

तिच्या कमरेला लावलेलं वॉकीटॉकीचं यंत्र खरखरलं. "मार्लिस, पुरुषांकडे पाणी तुंबलंय, येतेस का?" मार्लिसनं बटण दाबून ते बंद केलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

उजवीकडून गार लागत होतं. तळ्यावरच्या बर्फाशेजारी उभं राहावं तसं, पण त्या गारव्यात तिच्या पोरीच्या केसांच्या साबणाचा वास होता. मार्लिसनं वळून बघितलं नाही. धीर झाला नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला एवढंच दिसलं, की दाराकडे वळलेली मान हळूच सरळ झाली. पट्टीवाला पाय नाचायला लागला. ब्रिटा सामना बघत होती.

"ऑर्विल, शिट्टी का वाजवली?" मार्लिसनं विचारलं.

ऑर्विलनं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही पास्टरनंच बायबल म्हणजे काय ते विचारलंय. "अगं, धक्का मारला ना तिनं! फाउल. आता हिला दोनदा फुकट टाकायला मिळणार. तुला हेही माहीत नाही? मग इतकी वर्षं काय केलंस?"

"टॉवेल धुतले."

मग मार्लिस बघायला लागली. मेनची ती उंच मुलगी, जिची आजी दवाखान्यात होती, ती हवेत गेली की क्षणभर तिथेच थांबल्यासारखी वाटायची. ओरेगॉनची डावखुरी न बघता पास द्यायची आणि तो बरोबर पोचायचा. एक बुटकी मुलगी जमिनीवर लोळून बॉल काढत होती, उठत होती, पुन्हा लोळत होती. किती सुंदर होतं ते सगळं! याच्यापायी पोरगी पहाटे उठून बर्फातून धावायची, याच्यापायी हात मोडून घेतला, आणि आपण स्वयंपाकघरातून "जिंकलीस का?" एवढंच विचारत राहिलो. मेनच्या उंच मुलीनं लांबून बॉल टाकला, तो कड्याला लागला, फिरला, आत पडला. शेजारी एक श्वास जोरात आत ओढला गेला. आणि मार्लिस टॉलेफसन, जिचा वरचा आवाज गावानं चर्चच्या गाण्यातही ऐकला नव्हता, उभी राहून मुठी आवळून ओरडली, "अशी! अशीच घाल, पोरी!" खाली कोर्टाच्या कडेला प्रुइटबाई वळून बघत होत्या.

मेन एका गुणानं हरलं. शेवटच्या शिट्टीला सगळा हॉल उभा राहिला, निळे हिरव्यांसाठी ओरडत होते, हिरवे निळ्यांसाठी, रडणाऱ्या पोरींची नावं घेत होते. मार्लिसही उभी राहून ओरडत होती. तिला वाटलं, बाहीला काही लागलं. दंडाला हात लावून जावं तसं.

माणसं पुन्हा खाली बसली तेव्हा ऑर्विलनं मफलर काढला, मार्लिसच्या पुढून हात लांबवून कडेच्या खुर्चीवर टाकला आणि कपाळ पुसलं.

"झोत बंद झाला की," तो म्हणाला. "बुजली वाटतं एकदाची ती फट."

मार्लिसनं तेव्हा वळून बघितलं. खुर्चीवर निळा मफलर होता. ती मोठ्या दाराकडे बघत राहिली, तिथून माणसं हसत-बोलत बाहेर पडत होती. तिला आत कुठेतरी कळलं होतं, की ही जत्रा आता कितीही वर्षं भरली तरी ती यायची नाही. तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं सोसवेना.

तेवढ्यात कर्ण्यातून प्रुइटबाईंचा आवाज आला. त्यांना कर्ण्याची गरज नव्हती. "मंडळी, मी जरा आधीच सांगून टाकते. मी इथे आले ती नाही म्हणायच्या तयारीनं. पण ज्या गावात यजमानबाई कामं टाकून परक्या पोरीसाठी घसा फाडते, तिथून ही स्पर्धा हलवायला मला वेड लागलेलं नाही. आणखी तीन वर्षं, नॉर्डल!"

छत उडायचं तेवढं राहिलं. माणसं मार्लिसच्या गळ्यात पडली, पास्टरनं तिला उचललं, कॅथलिकांच्या पाद्र्यानं पास्टरला उचललं. ती सगळ्यांना "हो, हो" म्हणत वाट काढत खाली उतरली आणि जेवणाच्या खिडकीकडे गेली. दुसऱ्या कुणाचा चेहरा तिला आत्ता बघवत नव्हता.

ड्वेन रिकाम्या ट्रेला चिकटलेलं खरवडत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"गेली ना?" तो म्हणाला.

"कोण?"

"ब्रिटा."

मार्लिसनं खिडकीच्या फळीला धरलं. "तुला दिसायची?"

"इथून ती रांग समोरच येते. पहिल्या वर्षापासून." तो खरवडत राहिला. "तुला सांगितलं असतं, आणि तुला दिसत नसती तर? म्हणून म्हटलं, गप्प बसावं."

"ड्वेन..."

"आज तू जाऊन बसलीस. हसत होती गं ती. सारखी तुझ्याकडे बघत होती, तू खेळाकडे बघत होतीस तेव्हा." त्याचा हात थांबला. "एप्रनची गाठ सोडली होती मी. तिच्या मागच्या खुर्चीवर येऊन बसणार होतो. पण समोर जेवायला ही एवढी रांग, आणि हॉटडिश निवत चाललेला. म्हटलं, स्पर्धा मिळाली तर पुढच्या वर्षी बसू."

मार्लिसनं त्याच्या हातातला झारा काढून घेतला. मागे गाव "तीन वर्षं, तीन वर्षं" म्हणून नाचत होतं, आणि ड्वेन तिच्या खांद्यावरून तिसऱ्या रांगेकडे बघत होता.